भोंगेकाका ऐकायला बसले

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते लग्नाच्या बोलण्यांत, पण त्यांचा आवाज मला लहानपणापासून ओळखीचा होता. आम्ही बाजारामागे राहायचो. तीनचाकीवर भोंगा बांधून ते आमच्या गल्लीतून जायचे आणि सांगायचे की उद्या पाणी येणार नाही, कापडाच्या दुकानात सवलत लागली आहे, लहान मुलांना डोस पाजायला शाळेत आणा, निळा सदरा घातलेलं एक पोर हरवलंय, दिसलं तर चौकीत पोचवा. कुणी वारलं तर तेही तेच सांगायचे, पण तेव्हा गाडी हळू चालवायचे. माझी आई हातातलं काम थांबवून ऐकायची. त्या सगळ्या भागात त्यांना भोंगेकाका म्हणत. खरं नाव किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक. लग्न ठरलं तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, मजा आहे तुझी, आता बातम्या घरबसल्या."

बातम्या घरबसल्या मिळायच्या हे खरंच. घरी आले तरी बाबांचा भोंगा चालूच असायचा. "पाणी!" म्हणाले की शेजारीण तांब्या घेऊन उठते, असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता. कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. पण आयुष्यभर दुसऱ्यांचं सांगणं गल्लोगल्ली पोचवून त्यांना अशी सवय लागली होती की बोलणं एकाच बाजूला जातं, परत येत नाही. आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. नवरा मालाच्या गाडीवर, म्हणजे निम्मा आठवडा बाहेर. मी शिलाईच्या कारखान्यात शर्टांना कॉलर जोडते. लग्नाच्या पहिल्या वर्षात बाबांशी माझं जे काही बोलणं झालं ते "हो बाबा" या दोन शब्दांत मावेल.

मग त्यांचा घसा बसू लागला. आधी सकाळी बसायचा आणि दुपारी सुटायचा, नंतर सुटेनासा झाला. आईंनी गरम पाणी, मध, काढे, सगळं करून पाहिलं. बाबा म्हणायचे, "घसा आहे, बसला तर उठेल." तो उठला नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत, जन्मभर ओरडून ओरडून आल्या आहेत, काढाव्या लागतील. काढल्या. सुदैवानं वाईट काही निघालं नाही. पण डॉक्टरांनी बजावलं, "काही आठवडे एक शब्द नाही. त्यानंतरही हळू बोलायचं, थोडं बोलायचं. ओरडलात तर आहे तेवढाही आवाज जाईल."

भोंग्याच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नसेल. तीनचाकी विकली. भोंगा कुणी घेतला नाही, तो माळ्यावर गेला. बाबा दारातल्या पायरीवर बसायला लागले. आमची वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. खाली रस्ता, दुकानं आणि पिठाची गिरणी, वर घरं, आणि मधून दगडी पायऱ्यांचा एकच लांब जिना. त्या पायऱ्या किती आहेत यावर आजवर एकमत झालेलं नाही, कारण चढताना मोजणारा मध्येच दमतो. येणारा-जाणारा बाबांना हाक मारायचा, "काय काका, आज काय बातमी?" बाबा हात हलवायचे. मी कामावर जाताना ते जिथं असायचे, परत येताना तिथंच दिसायचे. पाठ तेवढी आणखी वाकलेली. आई एकदा मला चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "हा माणूस बोलायचा तेव्हा मी देवाला म्हणायचे, जरा गप्प कर. इतकं मनावर घ्यायला नको होतं देवानं."

आमच्या कारखान्यात एक जुना रेडिओ दिवसभर चालू असतो. त्यावर वस्ती रेडिओ लागतो. हे केंद्र गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. आवाका फार नाही, टेकडी आणि आजूबाजूच्या गल्ल्या, एवढाच. एक दिवस त्यावरून सांगितलं की वस्तीतल्या माणसांनी कार्यक्रम करायला पुढं यावं, शिक्षणाची अट नाही. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवलं आणि तोंड फिरवलं. संपलं.

माझं संपलं, पण आईंचं संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या दळण घेऊन गिरणीत गेल्या, डबा खाली ठेवला आणि तडक वर. वर केंद्र चालवणारी ताई होती. पूर्वी शाळेत शिकवायची. आईंनी तिला काय सांगितलं ते कधी कळलं नाही, पण संध्याकाळी ताई आमच्या दारात उभी होती, जिना चढून धापा टाकत.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले. एकदा येऊन तरी बघा."

बाबा अगदी घोगऱ्या, खालच्या सुरात म्हणाले, "कुठला आवाज? गेला तो."

"रेडिओवर ओरडावं लागत नाही, काका. ओरडलेलं तर चालतच नाही."

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. केंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत टेबल, यंत्रं आणि भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठे, आवाज घुमू नये म्हणून. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, त्यामुळं ध्वनिमुद्रण दळणाच्या वेळा सांभाळून व्हायचं. ताईनं बाबांना खुर्चीत बसवलं, माईक तोंडाजवळ आणला, कानांवर हेडफोन चढवले. बाबांनी सवयीनं छाती भरली, मान वर केली आणि आवाज फाटला. कागद फाटतो तसा. ते उठायला लागले. ताईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, घरात कुणी झोपलंय असं समजा. त्याला न उठवता काकूंना काहीतरी सांगायचंय. तसं बोला."

 बाबा माईकजवळ वाकून म्हणाले, "अगं, ऐकतेस का? चहा टाक जरा."

हेडफोनमधून तो आवाज त्यांच्याच कानात आला. हळू, थोडा खरखरीत, पण ऊब असलेला. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. मी मधल्या काचेपलीकडं, दुसऱ्या खोलीत होते. त्यांचे डोळे भरलेले पाहिले आणि दुसरीकडं बघू लागले. घरी परतताना पायऱ्यांवर थांबून ते म्हणाले, "सूनबाई, इतकी वर्षं मी भोंग्याच्या मागं होतो. माझा आवाज कसा आहे ते मला आज कळलं."

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी प्रथमच बोलले होते.

आता कार्यक्रम कसला करायचा? जास्त बोलायला तर बंदी. ताई म्हणाली, "मग तुम्ही फक्त विचारा. लोक बोलतील, तुम्ही ऐका." अशा रीतीनं मंगळवारी संध्याकाळी 'तुम्ही बोला' सुरू झालं. बाबा एक प्रश्न विचारणार, लोक फोन करणार. पहिल्या मंगळवारी प्रश्न होता, "आपल्या वस्तीत तुम्हाला कशाचा त्रास होतो?" बाबांनी विचारलं आणि वाट पाहिली. फोन गप्प. रेडिओवरची शांतता फार भयानक असते. कारखान्यातल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. शेवटी एकदाचा फोन वाजला.

"हॅलो, मी एक श्रोती बोलतेय," एक बाई नाक दाबून म्हणाल्या. "माझा त्रास असा की आमचे हे घरात कुणाचं ऐकत नाहीत. जन्म गेला, पण 'तुझं काय म्हणणं' असं कधी विचारलं नाही."

मी शिलाई थांबवली. तो आवाज नाक दाबूनही लपणारा नव्हता. बाबांनीही ओळखला असणारच. पण रेडिओवर काय करणार? हूं की चूं न करता त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं पोचलं. अजून काही सांगायचंय का?"

"आहे ना," श्रोती म्हणाल्या, आणि बराच वेळ बोलल्या.

त्या संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तेव्हा दोघं समोरासमोर बसून चहा पीत होते. आईंच्या तोंडावरचं हसू लपत नव्हतं. पुढं त्या शेजारणींना सांगायच्या, "भोंगा गेला आणि मला नवरा मिळाला." आणि मला? मला कामावरून आल्यावर "आज काय झालं तुझ्याकडं?" असं विचारणारं माणूस मिळालं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. असं विचारणारं घरात कुणी असतं हे मला माहीतच नव्हतं. त्याबद्दल मी गिरणीवरच्या त्या खोलीचे उपकार विसरणार नाही.

हळूहळू फोन वाढले. कचऱ्याची गाडी, शाळेचं फाटक, नळाची वेळ. एका मंगळवारी वरच्या गल्लीतल्या धुणंवालीचा फोन आला. चार घरची धुणी करणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई. ती म्हणाली, "काका, मी परवा पायऱ्यांवरून पडले. अंधार पडत होता, दोन्ही हातांत कपड्यांचे गठ्ठे होते. हात मोडलाय. मी रडगाणं गायला फोन नाही केला. फक्त विचारायचंय, धरायला काहीतरी लावा असं सांगायचं असेल तर ते कुणाला सांगायचं?"

बाबांना उत्तर ठाऊक नव्हतं. त्यांनी तेच लोकांना विचारलं, "कुणाला सांगायचं?" त्याबरोबर फोनची रीघ लागली. पडलेले कितीतरी निघाले. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचं पोटुशी असताना घसरणं. प्रत्येकाला वाटत होतं की आपणच धांदरट. सगळ्यांत शेवटी एका शिपायाचा फोन आला. तो प्रभाग कार्यालयात कामाला होता. म्हणाला, "दर तिमाहीला प्रभागसभा होते. कुणीही येऊन मागणी मांडू शकतं. पण तुमच्या टेकडीवरनं कुणी आलेलं मी नोकरीत पाहिलेलं नाही. खुर्च्या मीच मांडतो आणि मीच उचलतो."

पुढच्या सभेला टेकडीवरून माणसांचा लोंढा गेला. सभा कामाच्या दिवशी, भर दुपारी होती, त्यामुळं मला जाता आलं नाही; पण सगळं नंतर ऐकलं. नळवाले नळाचं ओरडले, शाळावाले शाळेचं. आमच्या जिन्यावरच्या न्हाव्यानं टेबलावर हात आपटला. धुणंवाली गळ्यात हात बांधून मागं उभी होती, तिच्यापर्यंत पाळी आलीच नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. प्रभागाच्या अधिकारीबाई नवीन होत्या, तरुण होत्या. त्यांनी चार वेळा शांत राहा म्हटलं आणि शेवटी फायली मिटून उठल्या. बाबा घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं.

"लोकांना तिथं नेलं आणि तोंडघशी पाडलं मी," ते म्हणाले.

आई कपडे वाळत घालत होत्या. "तुम्ही कशाला पाडलं? तिथं सगळेच भोंगे झाले होते. तुम्हाला गप्प बसायला शिकवायला डॉक्टर लागला. त्यांना कुणी शिकवलंय?"

 बाबांनी चपला घातल्या आणि ते ताईकडं गेले.

त्यानंतरचे काही मंगळवार रेडिओवर सभेची तालीम चालली. हे ऐकायला अख्खी वस्ती कान टवकारून बसायची, कारण गंमत मोठी होती. बाबा अध्यक्ष व्हायचे. फोन करणाऱ्यानं एकच गोष्ट मांडायची: काय हवंय, कुठं हवंय, कशासाठी. पाल्हाळ लावलं की बाबा हलकेच चमचा कपावर वाजवायचे. भाजीवाला "आमच्या वाडवडलांपासून" अशी सुरुवात करायचा आणि चमचा वाजायचा. दोनतीनदा असं झाल्यावर तो म्हणाला, "काका, वाडवडलांना बाहेरच ठेवून येऊ का?" कारखान्यात आम्ही हसून हसून बेजार. पण पुढच्या वेळी त्यानं खरंच नेमकं सांगितलं.

एका मंगळवारी मीही फोन केला. त्या दिवशी थोडी लवकर सुटून, कारखान्याच्या फाटकाबाहेरून.  पलीकडून बाबांचा आवाज आला, "बोला." मी म्हटलं, "माझं म्हणणं सभेच्या दिवसाबद्दल आहे. कामाच्या दिवशी सभा ठेवली तर आमच्यासारख्या बायका येणार कशा? सुट्टीच्या दिवशी ठेवा." बाबा म्हणाले, "छान मांडलंत, बाई." अगदी परक्यासारखं. मला आजवर मिळालेल्या शाबासक्यांत ती सर्वांत मोठी.

ताईनं अधिकारीबाईंनाही केंद्रावर बोलावलं. त्या आल्या, हे विशेष. त्यांनी अर्ज कसा द्यायचा ते साध्या भाषेत सांगितलं आणि सभा रविवारी घ्यायचं कबूल केलं. निघताना म्हणाल्या, "गेल्या सभेत मी उठून गेले. मलाही तसली सभा पहिल्यांदाच भेटली होती. यावेळी बसेन."

रविवारच्या सभेला मी गेले. धुणंवालीचा हात आता गळ्यातून सुटला होता. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मला पायऱ्यांवर कठडा आणि दोन दिवे हवेत. कठडा खालपासून वरपर्यंत. कारण वर म्हातारी माणसं आहेत, पोटुशा बायका आहेत आणि माझ्यासारख्या ओझंवाल्या आहेत." आणि बसली. सभागृहात इतकी शांतता होती की शिपायाच्या खुर्चीची करकर ऐकू आली. अधिकारीबाई म्हणाल्या, "दिवे होतील. कठडाही होईल. पण पायऱ्यांच्या कुठल्या बाजूला? ते तुम्ही ठरवून सांगा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरी कटकट तर तिथूनच सुरू झाली.

उजव्या बाजूला घरांची दारं. तिथले म्हणाले, आमच्या दारात खांब नकोत, खाट बाहेर काढायची कशी? डाव्या बाजूला, जिन्यालगत, छोटी दुकानं. न्हाव्याचं दुकान तिथंच. तो म्हणाला, कठडा लागला तर गिऱ्हाईक काय उडी मारून येणार? न्हावी बाबांचा जुना मित्र. त्याला वाटलं, भोंगेकाका आपल्या बाजूनं दोन शब्द टाकतील. बाबा म्हणाले, "मी कुणाच्याच बाजूनं बोलत नाही. मी विचारतो." न्हाव्यानं बोलणं टाकलं. बाबा दाढीला दुसरीकडं गेले नाहीत, दाढी वाढवली. आई म्हणाल्या, "दोघांत मिळून एक शहाणा माणूस झाला असता."

कित्येक मंगळवार हाच वाद. डावी, उजवी, डावी, उजवी. काही जण वैतागून म्हणू लागले की नकोच तो कठडा, होतं तेच बरं होतं. बाबांच्या नाकी नऊ आले, पण त्यांनी फोन बंद केला नाही. ते म्हणायचे, "भांडतायत ना, म्हणजे आपलं समजतायत. परक्याच्या जिन्यासाठी कुणी भांडत नाही."

मग एका संध्याकाळी एका म्हातारीचा फोन आला. आवाज बारीक, पण खणखणीत.

"मी वरच्या शेवटच्या घरात असते," ती म्हणाली. "गुडघे गेल्यापासून खाली उतरले नाही. खिडकीतून जिना दिसतो, तेवढंच माझं जग. तुम्ही सगळे बाजूबाजू काय करताय? मधोमध लावा की! मी रोज बघते, चढणारे एका अंगानं चढतात, उतरणारे दुसऱ्या अंगानं उतरतात. मध्ये कठडा असला तर दोघांनाही धरता येईल, आणि दारंही मोकळी, दुकानंही."

बाबा म्हणाले, "आजी, फार छान. आपण कोण बोलताय?"

"कोण म्हणजे? त्या भांडखोर न्हाव्याची आई."

न्हाव्याच्या दुकानात रेडिओ चालू होता. एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून बसलं होतं. तेच पुढं सांगत सुटलं की वस्तरा हवेत थांबला, न्हावी एकदा रेडिओकडं आणि एकदा आरशाकडं बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "आई मला घरी कधी बोलली नाही हे." गिऱ्हाईक म्हणालं, "तू विचारलंस का कधी?" दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी पेटी घेऊन आमच्या दारात आला. बाबांना पायरीवर बसवलं, गळ्याला कापड गुंडाळलं आणि त्यांची दाढी करून दिली. झाल्यावर म्हणाला, "मधोमधच बरा."

कठडा काही लगेच आला नाही. मापं घेणारी माणसं आली आणि गेली ती गेलीच. पुन्हा सभा झाली, धुणंवाली पुन्हा उठली, पुन्हा तेवढंच बोलली. मग एका सकाळी लोखंडी नळ्या घेऊन गाडी आली. जोडकाम चाललं तेव्हा निम्मी वस्ती बघायला उभी. ठिणग्यांकडं बघू नका म्हणून कामगार ओरडत होता आणि सगळे तिकडंच बघत होते. दिवेही लागले. रंग सुकायच्या आत लोकांनी धरून धरून हिरव्या कठड्यावर बोटांचे ठसे उमटवले. ते अजून दिसतात.

न्हाव्याच्या आई खाली उतरल्या त्या दिवशी मी आमच्या दारात होते. एक हात कठड्यावर, एक मुलाच्या खांद्यावर. दर थोड्या पायऱ्यांवर त्या थांबायच्या. थकव्यामुळं नव्हे, तर घराघरांत डोकावायला. "अगो बाई, तुझी मुलगी एवढी झाली? तुम्ही भिंत कधी बांधली?" खाली पोचायला त्यांना फार वेळ लागला आणि कुणालाही घाई नव्हती. गिरणीचा जिना मात्र चढायला त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा बाबाच ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन खाली आले. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. दळणाच्या रांगेतल्या बाया गोल करून उभ्या राहिल्या.

"आजी, काय वाटतंय?" बाबांनी विचारलं.

आजींनी आधी रस्त्याकडं पाहिलं, भाजीच्या गाडीकडं, सायकलींकडं. मग म्हणाल्या, "कुणाकुणाचे आभार मानू? जिनं हात मोडल्यावर फोन केला तिचे. त्या बाईसाहेबांचे. नळ्या जोडणाऱ्यांचे, त्यांना मी वरून बघत होते, उन्हात काम केलं बिचाऱ्यांनी. आणि तुमचे. तुम्ही पूर्वी एवढं बोलायचात, भोंगेकाका, पण तेव्हा मी काय सांगणार होते तुम्हाला? गाडी यायची आणि निघून जायची." नंतर त्यांनी भाजीच्या गाडीकडं बोट दाखवलं. "आता सोडा मला. भाजी स्वतः निवडून घ्यायचीय. हा मुलगा काहीही उचलून आणतो."

त्यानंतर बरंच काही झालं, सगळं सांगत बसत नाही. शाळेचं फाटक झालं. नळाची वेळ अजून बदललेली नाही. त्यावर भांडण चालू आहे. धुणंवाली प्रभागाच्या समितीवर निवडून गेली, धुणी मात्र सोडली नाहीत. गुरुवारी आईंचा स्वतःचा कार्यक्रम असतो आणि त्यात त्यांना नाक दाबावं लागत नाही. मी त्या कठड्याला धरून भरल्या दिवसांची खाली उतरले आणि माझ्या मुलीला कडेवर घेऊन वर चढले. बाबांना काहींनी निवडणुकीला उभं राहा म्हटलं तेव्हा ते हसले. "भाषण करावं लागेल," म्हणाले.

गेल्या वर्षी नदीपलीकडच्या वस्तीतून काही जण आमच्याकडं आले होते. त्यांनाही स्वतःचं केंद्र सुरू करायचं होतं. घरात बसायला जागा नव्हती, निम्मे पायऱ्यांवर बसले. बाबा थोडंच बोलले. बाकीचं आईंनी, धुणंवालीनं आणि न्हाव्यानं सांगितलं, एकमेकांचं वाक्य तोडत. ती माणसं चहा घेऊन, शंका विचारून गेली. काही महिन्यांनी निरोप आला की अमक्या दिवशी संध्याकाळी पहिला कार्यक्रम आहे.

तो आमच्या घरात लागेना. बाबांनी छोटा रेडिओ घेतला आणि गिरणीच्या गच्चीवर गेले. मी मुलीला घेऊन मागोमाग गेले. कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहून पाहिलं, तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ खरखरीतून एक आवाज सापडला. कुणी तरी अडखळत, घाबरत विचारत होतं, आपल्या वस्तीत तुम्हाला कशाचा त्रास होतो? आणि मग शांतता. फोनच येईना. मला राहवेना. बाबा टाकीला टेकून बसले आणि रेडिओ मांडीवर घेतला.

"येईल," ते म्हणाले. "थांब जरा."

फोन आला. कुणी बाई होती, काय म्हणाली ते खरखरीत नीट कळलं नाही. बाबांनी डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.